अमोनिया उतरत नाही म्हणून पावडर ओतण्याआधी

तुम्ही लिहिलंय की सांडपाणी प्लांटच्या एरेशन टाकीत (जिथे हवा सोडतात) डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, लिटरला ३ मिलिग्रॅम आहे, बीओडी (जिवाणूंना खाता येणारी सेंद्रिय घाण) छान उतरतोय, पण अमोनिया नायट्रोजन लिटरला ४० मिलिग्रॅमवरून जेमतेम २५ वर येतो; जिवाणूंची पावडर घ्यावी का? माझं उत्तर : सध्या नको. तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ मी दोनदा वाचली. क्लॅरिफायरमध्ये (गाळ बसवायच्या टाकीत) स्लजचे, म्हणजे जिवाणूंच्या गाळाचे, गोळे वर येत होते, म्हणून तीन आठवडे रोज ६०० किलो स्लज काढताय आणि आता गोळे थांबलेत. दुखणं तिथेच असावं.

हिशोब करा. टाकी १००० घनमीटर, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात मिसळलेला स्लज) लिटरला ३००० मिलिग्रॅम, म्हणजे टाकीत ३००० किलो स्लज. रोज ६०० किलो गेला तर स्लजचं वय, म्हणजे तो टाकीत सरासरी राहतो तो काळ, ५ दिवस. बीओडी खाणाऱ्यांना तेवढे पुरतात, ते काही तासांत दुप्पट होतात. अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनास आणि पुढे नायट्रेट करणारे नायट्रोस्पायरा यांना मात्र दुप्पट व्हायला एक दिवस किंवा जास्तच लागतो, गारठ्यात तर आणखी. त्यांना सेंद्रिय अन्न नकोच असतं. अमोनियातून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून ते शरीर बांधतात. म्हणूनच १८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींना ते नेहमीच्या सेंद्रिय जिलेटिनवर वाढवता येईनात, सिलिका जेल वापरावं लागलं. (दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये सापडला, तोवर ही कामं वेगवेगळ्यांचीच समजत होते.) इतक्या सावकाश वाढणाऱ्यांना तुम्ही वाढीपेक्षा वेगाने बाहेर काढताय. पावडर टाकलीत तरी तीही त्याच वाटेने जाईल.

आता त्या गोळ्यांबद्दल. गोळे दिसले की स्लज काढत सुटायचं, हीच चूक मी पूर्वी केली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. एक लिटरच्या सिलिंडरमध्ये स्लज बसवून बघा. अर्ध्या तासाला तो नीट बसतो, वर पाणी नितळ. तसाच ठेवलात की तास-दीड तासाने अख्खा थर उचलला जातो. काचेलगत टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे दिसतात. काचकांडीने हलकेच ढवळा, बुडबुडे सुटतात आणि स्लज पुन्हा खाली बसतो. तो वायू नायट्रोजन. तळाशी ऑक्सिजन संपला की डीनायट्रिफायर जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन सुटतो. म्हणजे गोळे वर येत होते तेव्हा तुमचं नायट्रिफिकेशन (अमोनियाचं नायट्रेट होणं) चांगलं चालू होतं! ते थांबले, कारण आता नायट्रेटच पुरेसं बनत नाही.

तेव्हा स्लज काढणं कमी करून वय हळूहळू १२-१५ दिवसांवर न्या आणि रिटर्न स्लजचा (क्लॅरिफायरमधून एरेशनला परत जाणाऱ्या स्लजचा) पंप वाढवा, म्हणजे स्लज क्लॅरिफायरच्या तळाशी रेंगाळणार नाही. बी हवंच असेल, तर तुमच्यासारखंच पाणी येणाऱ्या आणि अमोनिया नीट उतरणाऱ्या प्लांटमधून टँकरभर रिटर्न स्लज आणा.

अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) तपासलीत का? १ ग्रॅम अमोनिया नायट्रोजनमागे ती साधारण ७.१४ ग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात) जाते, म्हणजे ४० मिलिग्रॅमला २८५ च्या आसपास. येणाऱ्या पाण्यात २५० च असेल तर पीएच कोसळेल आणि नायट्रिफायर काम टाकतील, मग डीओ कितीही ठेवा. डीनायट्रिफिकेशनमध्ये निम्मी परत मिळते. म्हणून पुढे जमलं तर एरेशनच्या आधी अनॉक्सिक टाकी (हवा न सोडता डीनायट्रिफिकेशन करायची) करा आणि एरेशनच्या शेवटचं पाणी तिथे फिरवा. डीनायट्रिफायरना लागणारा कार्बन कच्च्या सांडपाण्यातूनच मिळतो. फक्त त्या फिरत्या पाण्यातून डीओ ३ नेऊ नका, तो कार्बन फुकट खातो.

या चर्चेत एकांनी अॅनामॉक्स (ऑक्सिजनशिवाय अमोनिया आणि नायट्राइटचा थेट नायट्रोजन वायू करणारे जिवाणू) सुचवलंय. ते जिवाणू विलक्षण आहेत, पण जागा वेगळी : डायजेस्टरमधून (स्लज हवेविना कुजवायच्या टाकीतून) येणारं कोमट, अमोनियाने भरलेलं पाणी. रॉटरडॅमचा पहिला मोठा रिॲक्टर २००२ मध्ये सुरू झाला, तो पूर्ण भरात यायला तीन वर्षांहून जास्त लागली.

इनलेट-आउटलेटची अल्कलिनिटी, आउटलेटचं नायट्राइट आणि पाण्याचं तापमान मोजून इथे टाका. नायट्राइट साठलेलं दिसलं तर मी वेगळं काही सुचवेन.