मालवणात गाडी खड्ड्यात आदळली की एकच हेडलाइट जातो, फ्यूज-बल्ब ठीक. फॉल्ट कुठे शोधू?
आधी त्या हेडलाइटचं अर्थिंग (बल्बकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी वायर) तपासा, तेही लाइट चालू ठेवून. मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब बल्बच्या होल्डरच्या अर्थिंग वायरला. मग कुणाला तरी वायरिंग हलवायला सांगा. जिथे हलवल्यावर आकडा 0.2 व्होल्टच्या वर उडतो, तिथला जोड खराब. मीटरच्या कंटिन्युइटी बीपवर (वायर जोडलेली असली की वाजणारा आवाज) विसंबू नका: वायरची एकच तार उरली तरी बीप वाजतो, पण 55 वॉटच्या बल्बचे साडेचार अँपिअर तिला झेपत नाहीत. खारी हवा इन्सुलेशनखाली शिरते. वरून वायर धड, आत तांबं हिरवं. तेवढा तुकडा कापून नवीन लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा, नुसतं घासून भागत नाही. दोन्ही लाइट एकदम जात असतील तर मात्र आधी स्विच-रिले बघा.