जेसीआर (जावा या प्रोग्रामिंग भाषेतली मजकूर-कागद साठवायची प्रमाण पद्धत) रिपॉझिटरीत, म्हणजे साठवणीत, 'लाइक'ने (नमुन्याशी जुळणारं शोधणारा शब्द)  शोधताना नावातली _ आणि % ही चिन्हं जशीच्या तशी कशी शोधायची?

लाइकमध्ये _ म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि % म्हणजे कितीही अक्षरं, म्हणून त्या चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ (\) टाका. लाइक '१\_२' असं. जावामध्ये लिहीत असाल तर रेघ दोनदा. तुमचं काम इथेच झालं, पण हा प्रश्न पाहून माझी जुनी जखम उघडली, म्हणून पुढचं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जुने फेरफार स्कॅन करून रिपॉझिटरीत चढवायचं काम आमच्याकडे होतं. गट १/२, १/३ अशी नावं. जेसीआरमध्ये नोडच्या (साठवलेल्या एकेका नोंदीच्या) नावात / चालत नाही, म्हणून आमच्या ठेकेदारानं सगळीकडे / च्या जागी _ करून टाकला, शीर्षकातही तेच. मी म्हटलं, गट क्रमांकाला वेगळी प्रॉपर्टी (नोंदीतला स्वतंत्र रकाना) द्या. तो म्हणे, "अबे, नावातच सारं आहे ना, मंग वेगळा खाना काहून पायजे? चालून जाते."

चाललं, मृग लागेपर्यंत. पीककर्जाच्या गर्दीत एक म्हातारबा तीस किलोमीटर एसटीनं आले, गट १/२ चा फेरफार मागितला. शोधात लिहिलं लाइक '१_२'. आता _ म्हणजे कोणतंही एक अक्षर. तेव्हा १०२, ११२, १२२ करत थेट १९२ पर्यंतचे गटही हजर. ऑपरेटरनं वरचाच कागद छापून दिला. दुसऱ्या दिवशी म्हातारबा परत, कागद टेबलावर ठेवून म्हणाले, "हा तं माहा गट नाही बाप्पा." भाडं मी माझ्या खिशातून दिलं. ठेकेदार त्या दिवशी लग्नाला गेला होता.

बाइंड व्हेरिएबलनं (शोधायची किंमत प्रश्नात न लिहिता वेगळी देणं) सगळं सुटतं असं कोणी सांगेल, ऐकू नका. त्यानं एकेरी अवतरणचिन्हाचा घोळ मिटतो (नाहीतर ते दोनदा लिहावं लागतं), पण आतले % आणि _ तसेच जिवंत राहतात. आधी \ दुप्पट करा, मग % आणि _ ला रेघ लावा. क्रम उलटा केला तर तुम्हीच लावलेली रेघ पुन्हा दुप्पट होते. '/' चं %२एफ (वेबपत्त्यात / असाच लिहितात) करणारेही भेटतील. त्यानं आणखी एक % नावात घुसतो, झालं कल्याण.

'कंटेन्स'ची (मजकुरातले शब्द शोधायची सोय) तऱ्हा निराळी. तिथे % आणि _ च्या जागी * आणि ? चालतात, आणि शब्दाआधी - आला की तो शब्द वगळला जातो. सुरुवातीलाच * देऊ नका. शोधासाठी केलेली शब्दांची यादी अक्षरक्रमानं असते, सुरुवातच ठाऊक नसेल तर ती सगळी चाळावी लागते. आणि मराठीत 'एक अक्षर' म्हणजे आपलं अक्षर नव्हे. 'श्री' मध्ये संगणकाला चार दिसतात.

हे सगळं जॅकरॅबिट या जेसीआर उत्पादनावरचं. तुमचं उत्पादन दुसरं असेल तर एकदा तपासून घ्या. पण गट क्रमांकाला वेगळी प्रॉपर्टी दिली आणि = नं शोधलं तर यातलं काहीच लागत नाही. हे मी ठेकेदाराला त्या उन्हाळ्यात तीनदा सांगितलं होतं.