वर्षभर परदेशात मुलांना नाटक-चित्रकला शिकवायला जायचंय? आधी हे वाचा

प्रश्न : ताई नमस्कार, मी सांगलीची, वय 23, बीए झालंय. कॉलेजात पथनाट्याच्या ग्रुपमध्ये होते. आता एक वर्ष परदेशात लहान मुलांसोबत नाटक, चित्रं असं काहीतरी काम करायचंय. एक एजंट म्हणतो जर्मनीत व्हॉलंटियरची सीट मिळवून देतो, अडीच लाख दे. आई म्हणते फुकट राबायला जायचं आणि वर पैसे पण आपणच द्यायचे? काय करू?

उत्तर : आईचं शंभर टक्के बरोबर आहे, तो एजंट आजच सोड. पण जर्मनी सोडू नकोस, कारण तिथे ह्या कामाच्या दोन रीतसर वाटा आहेत, दोन्ही कायद्याने बांधलेल्या. एक एफएसजे, म्हणजे सामाजिक कामाचं एक वर्ष, ती 27 च्या आतल्यांसाठी. दुसरी बीएफडी, म्हणजे जर्मन केंद्र सरकारची स्वयंसेवा योजना, तिला वयाची वरची अट नाही. ही बीएफडी 2011 साली सुरू झाली, तिथली सक्तीची लष्करी भरती थांबली तेव्हा, कारण सैन्यात न जाता त्याऐवजी हॉस्पिटलं आणि वृद्धाश्रमांत काम करणारी पोरं तोवर मिळायची ती एकदम बंद झाली ना.

दोन्हीत तुझ्याशी लेखी करार होतो, दरमहा पॉकेटमनी मिळतो, इन्शुरन्स असतो आणि वर्षभराच्या करारात तुझ्या वयाच्या मुलांना 25 दिवस सेमिनारचे असतात, ते कामाचे दिवसच धरतात. राहण्याजेवणाची सोय काही संस्था देतात काही देत नाहीत, हे अर्ज करतानाच विचार, कारण म्युनिकसारख्या शहरात नुसत्या पॉकेटमनीत खोलीचं भाडं निघणं अवघड आहे. संस्थांच्या वेबसाइटवर अर्ज स्वतःच करता येतो, कल्चर विभागातल्या जागाही असतात, म्हणजे नाट्यगृहं, म्युझियम, म्युझिक स्कूल, मुलांच्या कलाशाळा. एजंटला अडीच लाख देण्यासारखं त्यात काहीही नाही. ते पैसे राहू देत आणि त्यातले थोडे पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मन भाषेच्या क्लासला घाल, कारण भाषेशिवाय मुलांसोबत नाटक होणार कसं? भाषेच्या परीक्षांच्या पायऱ्या ए1, ए2, बी1 अशा चढत जातात, त्यात ए2 पर्यंत तरी जाच, बी1 झालं तर फारच छान.

आता खरं काम कसं असतं तेही सांगते, नाहीतर तिथे जाऊन हिरमुसशील. बालवाडीत, तिकडे किटा म्हणतात, सकाळी सगळी पोरं गोलात बसतात, गाणं होतं, आज कोण आलं नाही ते बघतात. त्यात तुझ्या पथनाट्याला हळूहळू जागा मिळेल, पण थंडीत बाहेर खेळायला न्यायचं म्हटलं की एकेका पोराला वरून घालायची जाड पँट, बूट, टोपी, हातमोजे चढवायचे आणि शेवटच्याचं होईपर्यंत पहिल्याला शी लागलेली असते. हे काम मन लावून करणाऱ्या मुलीलाच तिथल्या बाई पुढे सांगतात, आज गोष्ट तू घे. आणि हो, गोवराच्या दोन लसींचा पुरावा आत्ताच शोधून ठेव, 2020 पासून तिथे शाळा-बालवाडीत काम करायचं तर तो कायद्यानेच लागतो, शिवाय पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही मागतात. मागितला तर वाईट वाटून घेऊ नकोस. जी संस्था मुलांजवळ जाऊ देण्याआधी काहीच विचारत नाही तिथे मी स्वतःच्या भाचीला पाठवणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त चित्रकला शिक्षक, वय 60, कराड. कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात तीन आठवडे वारली चित्रकला शिकवायची अशी एका टूर कंपनीची ट्रिप आहे, मंदिरं पाहणंही त्यातच. जावं का?

उत्तर : सर, मंदिरं जरूर बघा. अनाथाश्रमाचा भाग मात्र वगळा अशी हात जोडून विनंती. कंबोडियात अशा आश्रमांची पाहणी झाली तेव्हा जवळपास चारातल्या तीन मुलांचे आईवडील, निदान एक तरी, हयात निघाले. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून गरीब घरातली मुलं तिथे आणून ठेवली जातात, हे युनिसेफ वर्षानुवर्षं सांगतंय, आणि ऑस्ट्रेलियाच्या संसदेत 2018 च्या आधुनिक गुलामगिरीच्या कायद्यावेळी ह्या प्रकाराची चर्चा झाली. तुम्ही तीन आठवड्यांत त्या पोरांना जीव लावणार आणि निघून येणार, मग पुढची ट्रिप. चाळीत वाढलेल्या मुलाला शेजारपाजार तरी असतो, ह्या पोरांच्या आयुष्यात नुसते येणारे-जाणारे.

त्याच देशात एका चित्रकलेच्या बाईंनी काय केलं ते बघा. ख्मेर रूज ह्या पोल पॉटच्या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, 1975 ते 79, तिथले कितीतरी कलाकार मारले गेले. नंतर थायलंडच्या सीमेवर निर्वासितांची छावणी होती, साइट टू नावाची, तिथे वेरोनिक डेक्रॉप ह्या फ्रेंच शिक्षिका मुलांना चित्रकला शिकवायच्या, आठवडे नाही, वर्षं. छावणी उठल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांतल्या नऊ जणांनी बाईंना सोबत घेऊन 1994 मध्ये बाटांबांग शहरात फारे पोनलू सेल्पाक ही कलाशाळा काढली. आज तिथे चित्रकला, संगीत, नाटक, सर्कस शिकवतात आणि शिकवणारे कंबोडियनच आहेत. अंगकोरच्या मंदिरांजवळच्या सिएम रीप शहरात त्यांची सर्कस लागते, तिकीट काढून बघा, ते पैसे योग्य जागी जातात.

तुम्हाला शिकवायचंच असेल तर मुलांऐवजी तिथल्या शिक्षकांसोबत काम मिळतंय का बघा, व्हीएसओसारख्या स्वयंसेवक पाठवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था अनुभवी शिक्षकांना मुख्यतः अशाच कामाला पाठवतात, पण मुदत महिन्यांची असते. तेवढं घर सोडणं जमत नसेल तर संयुक्त राष्ट्रांच्या यूएनव्ही ह्या स्वयंसेवक कार्यक्रमाचं ऑनलाइन काम आहे, फी नाही, आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, 12 आठवड्यांपर्यंत, कराडातूनच होईल. आणि वारलीबद्दल एकच, तिकडे दाखवाल तेव्हा पालघर-डहाणूच्या वारली बायकांनी ती भिंतीवर तांदळाच्या पिठाने कशी जपली ते आधी सांगा, मग ब्रश द्या.

प्रश्न : व्हॉलंटियर वर्ष संपलं की तिथेच नोकरी करता येते का? – नाशिक

उत्तर : आपोआप नाही. जर्मनीत बरेच जण पुढे आउसबिल्डुंग म्हणजे पगारी ट्रेनिंग धरतात, पण त्याला वेगळा करार, वेगळी परवानगी आणि जास्त पक्कं जर्मन लागतं, तर वर्ष संपायच्या चार-पाच महिने आधीच अर्ज टाकायला लाग.