चंबळच्या अभयारण्यात मासे पकडता येतात का?

तुम्ही विचारलंय, डिसेंबरात दोन दिवस धोलपूरकडे जातोय, चंबळमध्ये गळ टाकता येईल का, आणि नाहीच तर तिथे करायचं काय?

गळ घरीच ठेवा. हा पट्टा १९७९ पासून राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. रोहू, महसीर आहेत, पण त्यांच्यावर हक्क सुसरींचा. (तिकडे घडियाल म्हणा, सुसर कुणाला कळणार नाही.) त्यातून जाळं हा सुसरीचा काळच. चिंचोळ्या जबड्याचे सुईसारखे दात जाळ्यात गुंतले की सुटत नाहीत, श्वासाला वर येता येत नाही आणि ती पाण्यातच गुदमरते.

करायचं काय, तर बोटीत बसायचं. पहाटेची घाई नको. थंडीत सुसरी ऊन चांगलं तापल्यावरच वाळूवर येतात. मी गेलो तेव्हा नावाड्याने इंजिन बंद केलं आणि समोर बोट दाखवलं, मला नुसता ओंडका दिसत होता. जवळ गेल्यावर ओंडक्याच्या टोकाला मडक्याएवढा गोळा दिसला. तो फक्त वयात आलेल्या नराला असतो, घडियाल हे नावही त्या घड्यावरूनच पडलं. जबडा उघडा टाकून स्वारी निवांत पडली होती. आम्ही आणखी सरकलो तशी पाण्यात उतरली, पाणी उडालं नाही की आवाज झाला नाही. एवढं जवळ जायला नको होतं, हे नंतर सुचलं.

पाणचिरा मात्र चुकवू नका. याच्या चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब असतो. तो पाण्यात बुडवून पृष्ठभाग चिरत उडतो आणि लागला मासा की चोच मिटतो. उन्हाळ्यात तो वाळूच्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतो. नदीचं पाणी उतरलं की कुत्री, कोल्ही चालत तिथवर पोचतात आणि अंडी फस्त करतात.

गंगेतल्या जातीचे डॉल्फिन चंबळमध्येही आहेत, ते बघायचे असतील तर खाली इटाव्याकडच्या डोहांवर जा. फोटोचा नाद सोडा, पाठ दिसेपर्यंत ते परत बुडालेले असतात. पोहायचं मनातही आणू नका, सुसर माणसाच्या वाटेला जात नाही, पण याच पाण्यात मगरीही आहेत.