ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन: दोन लोगोंऐवजी फरकाचाच लोगो काढावा

ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या दोन पाचक विकरांचे सिक्वेन्स लोगो (अनेक अनुक्रमांत प्रत्येक स्थानी कोणती अमिनो आम्ले किती आढळतात ते अक्षरांच्या उंचीने दाखवणाऱ्या आकृत्या) आपण शेजारी शेजारी मांडले, तरी दोन्ही गट कुठे वेगळे आहेत ते कळत नाही, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. ही अडचण लोगोच्या घडणीतच आहे. श्नायडर आणि स्टीफन्स यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत रकान्याची उंची त्या स्थानी गटात किती एकवाक्यता आहे एवढेच दाखवते. प्रथिनांसाठी ती जास्तीत जास्त सुमारे ४.३२ बिट (माहिती मोजण्याचे एकक) असते. साहजिकच ५७, १०२ आणि १९५ ही दोन्ही गटांत न बदलणारी उत्प्रेरक स्थाने सर्वांत उंच दिसतात, आणि फरक शोधताना नेमकी तीच निरुपयोगी ठरतात. आपल्याला हवे असलेले स्थान १८९ आहे: ट्रिप्सिनमध्ये तोडायची साखळी जिथे बसते त्या खाचेच्या तळाशी तेथे ऋणभारित अ‍ॅस्पार्टिक आम्ल असते, म्हणून ते लायसीन व आर्जिनीनपाशी साखळी तोडते, कायमोट्रिप्सिनमध्ये तेथे सेरीन असते. (हे क्रमांक कायमोट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे कायमोट्रिप्सिनच्या निष्क्रिय पूर्वरूपाच्या, क्रमांकांच्या प्रथेप्रमाणे आहेत. आपल्या अलाइनमेंटमधील, म्हणजे समान स्थाने एकाखाली एक आणून केलेल्या अनुक्रमांच्या मांडणीतील, रकान्यांचे क्रमांक निराळे येतील, तेव्हा अक्षावर प्रथेचेच क्रमांक लिहावेत.)

प्रथम दोन्ही गट एकत्र अलाइन करून मगच वेगळे करावेत. स्वतंत्र अलाइनमेंट केल्यास रकाने जुळत नाहीत आणि पुढचे सारे व्यर्थ जाते. त्यानंतर प्रत्येक रकान्यासाठी दोन्ही गटांतील अमिनो आम्लांच्या वितरणांमधील जेन्सन-शॅनन अंतर (दोन वितरणे किती वेगळी आहेत याचे माप) काढावे, जे समान भार दिल्यास ० ते १ बिट या मर्यादेत राहते. ‘डिफलोगो’ हे ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणकभाषेतील पॅकेज रकान्याला हीच उंची देते आणि एका गटात अधिक आढळणारी अक्षरे अक्षाच्या वर, तर दुसऱ्या गटातील खाली मांडते. अशा आकृतीत १९५ जवळजवळ सपाट होते आणि १८९ उठून दिसते.

जवळजवळ एकसारखे अनुक्रम आधी गाळावेत, नाहीतर सस्तन प्राण्यांच्या नातेसंबंधाचेच चित्र हाती येते. सांख्यिकीय चाचणी लावणार असाल, तर गाईच्या ट्रिप्सिनएवढ्या २२३ स्थानांवर ०.०५ ही पातळी ठेवल्यास सुमारे ११ स्थाने निव्वळ योगायोगाने वेगळी ठरू शकतात. म्हणून बहुचाचणी-दुरुस्ती (एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याबद्दलची दुरुस्ती) टाळू नये.

उंच रकाना म्हणजेच कारण, असे मात्र आकृतीखाली लिहू नये. ट्रिप्सिनमध्ये केवळ १८९ वर सेरीन घातल्याने कायमोट्रिप्सिन होत नाही. लिझबेथ हेडस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की त्यासाठी १८५ ते १८८ आणि २२१ ते २२५ ही पृष्ठभागावरील वळणेही बदलावी लागतात, आणि ती वळणे सब्स्ट्रेटला (विकर ज्यावर क्रिया करते त्या रेणूला) थेट स्पर्शही करत नाहीत.