जपानी जाहिराती, कोकणी बुरशी

प्रश्न : वडील मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी जपानमध्ये टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या आठ व्हीएचएस कॅसेटी घरी आहेत. मधल्या जाहिराती आम्हा भावंडांना पाठ होत्या. आता फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर एक लावून पाहिली, तर चित्र वर सरकत राहिलं आणि रंगही आला नाही. कॅसेट गेली का? (एक वाचक, गुहागर)

गेली नाही. पण ते पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, तेव्हा ती पुन्हा लावू नका. शेजाऱ्यांनाही सांगा की हेड (मशीनमधला फीत वाचणारा भाग) साफ केल्याशिवाय त्यांची चांगली कॅसेट त्या मशीनमध्ये घालायची नाही. बुरशीची पूड हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक फितीला लागते.

रंग न येण्याचा बुरशीशी संबंध नाही. जपानचं जुनं प्रक्षेपण एनटीएससी पद्धतीचं होतं: ५२५ रेषा, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपलं पाल पद्धतीचं: ६२५ रेषा, २५ चित्रं. चित्र सरकत असलं तरी ओळखू येत होतं, म्हणजे ते मशीन जपानी फीत ओढतंय. पण बाहेर काढताना धड पाल नाही, धड एनटीएससी नाही असा मिश्र सिग्नल देतंय. जुना टीव्ही त्याने गोंधळतो आणि संगणकाला जोडायचं कॅप्चर कार्ड तर हमखास. मल्टिसिस्टिम, म्हणजे दोन्ही पद्धती चालवणारा, व्हीसीआर मिळवा आणि त्याचं बटण ‘एनटीएससी ३.५८’ वर ठेवा; ‘४.४३’ वर किंवा ‘ऑटो’वर नको. जपानहून आणलेलं मशीन मिळालं तर उत्तम, पण ते १०० व्होल्टचं असतं. थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातलं की पॉवर सप्लाय जळालाच. २३० चे १०० करणारा, १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. अमेरिकी वस्तूंसाठीचा ११० चा घेऊ नका. आपल्याकडे व्होल्टेज चढलं की तो १२० च्या घरात जातो.

आता बुरशी. ओली बुरशी पुसायला गेलात तर ती फितीवर सारवली जाते. म्हणून आधी वाळवायचं: घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅसेट दहा-पंधरा दिवस ठेवा. उन्हात नको, हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यात तर नकोच. वाळली की बुरशी भुकटीसारखी सुटते. तोंडाला एन-९५ मास्क लावून हे काम पडवीत करा, घरात नाही.

कॅसेटच्या खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. कॅसेट पालथी ठेवून ते काढा, दोन्ही भाग हाताने दाबून धरून ती सुलटी करा आणि मगच वरचं झाकण उचला. पालथी असतानाच उघडलीत तर रूळ आणि स्प्रिंगा घरंगळतात आणि कुठली कुठे होती ते कळत नाही. फीत कुठून कशी फिरते याचा फोटो आधी काढून ठेवा. मग दोन्ही चक्रं उचलून एखाद्या स्वच्छ, बिनकामाच्या कॅसेटच्या खोक्यात बसवा; निम्मी बुरशी जुन्या खोक्यातच राहते. उरलेली काढायला धागे न सुटणारं कापड आणि ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी असतं, ती चालत नाही. दोन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २४७ मीटर फीत असते, तेव्हा हे हाताने करणं जिवावर येतं. भंगारातला एक व्हीसीआर फक्त गुंडाळण्यासाठी ठेवा आणि त्यातल्या फितीच्या मार्गात कापड धरा. त्याचं वरचं झाकण उघडं असेल तर उजेड कमी ठेवा. फितीच्या टोकाला पारदर्शक पट्टी असते आणि तिच्यातून प्रकाश आला की मशीन ‘फीत संपली’ समजून थांबतं. भर दुपारच्या उजेडात ते मधेच थांबत राहील.

संगणकावर घेताना कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये एनटीएससी, ७२०×४८० आणि २९.९७ निवडा. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) पद्धतीत तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. मुख्य म्हणजे जाहिराती वेचून घेऊ नका. पूर्ण कॅसेट सलग घ्या, कापाकापी नंतर. का, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : अशा कॅसेटीवरची जाहिरात कुठल्या वर्षाची, हे जपानी येत नसताना कसं ओळखायचं? (एक वाचक, वेंगुर्ला)

अक्षरं वाचता येत नसली तरी आकडे वाचता येतात, आणि काम आकड्यांनीच होतं. जपानी जाहिरात बहुधा १५ सेकंदांची, कधी ३० ची. शेवटच्या दोन-तीन सेकंदांत खाली बारीक अक्षरांत फोन नंबर, पत्ता किंवा किंमत येते. तिथे चित्र थांबवा.

टोकियोचा फोन ०३ ने सुरू होतो. १ जानेवारी १९९१ पासून तिथले नंबर सात आकड्यांचे आठ झाले. म्हणजे ०३ नंतर तीन आणि चार असे गट दिसले तर जाहिरात त्याआधीची. ओसाकात (०६) हाच बदल १ जानेवारी १९९९ ला झाला. बक्षीस योजनेसाठी पोस्टकार्डाचा पत्ता असेल तर पिनकोड बघा: २ फेब्रुवारी १९९८ पासून तो सात आकडी आहे, आधी तीन किंवा पाच आकडी होता. किमतीशेजारी ‘३%’ दिसलं तर तो उपभोग कर, म्हणजे खरेदीवरचा जपानी कर. १ एप्रिल १९८९ ला लागू झाला आणि १ एप्रिल १९९७ ला ५% झाला.

समजा एका जाहिरातीत ३% आहे आणि टोकियोचा नंबर सात आकडी आहे. मग ती एप्रिल १९८९ ते डिसेंबर १९९० या २१ महिन्यांतलीच. रोमन अक्षरंही मदतीला येतात: रेल्वेच्या जाहिरातीत ‘जेआर’ हे चिन्ह १ एप्रिल १९८७ नंतरचं, टेलिफोनचं ‘एनटीटी’ एप्रिल १९८५ नंतरचं.

एवढ्यावरही वर्ष पक्कं होत नाही, कारण एकच जाहिरात दोन वर्षंही चालायची. तिथे मागेपुढे रेकॉर्ड झालेलं हवामानवृत्त, बातमी, क्रिकेटसारखा बेसबॉलचा धावफलक कामी येतो. जाहिरात एकटी कापून ठेवली की हा पुरावाच गेला.

प्रश्न : एका कॅसेटवर चित्रपट आहे, पण मध्ये एकही जाहिरात नाही. जपानी वाहिन्या जाहिराती दाखवत नव्हत्या का? (एक वाचिका, दापोली)

एनएचके ही सार्वजनिक वाहिनी दाखवत नाही, हे एक कारण असू शकेल. दुसरं मजेशीर आहे. काही जपानी व्हीसीआरमध्ये जाहिराती आपोआप गाळायची सोय होती. परदेशी चित्रपट दोन भाषांच्या ध्वनीत लागे, जाहिराती स्टिरिओत. ध्वनी स्टिरिओ झाला की मशीन रेकॉर्डिंग थांबवी. तेव्हा ती सोय वाटली. आज जाहिरातीच शोधणाऱ्यांच्या नशिबी मात्र रिकामी जागा.

प्रश्न : एका जाहिरातीत सफरचंद, मध आणि भातावर आमटीसारखं दाट काहीतरी. हे काय? (एक वाचक, रत्नागिरी)

वर्णनावरून हाऊस कंपनीची ‘व्हर्मोंट करी’ दिसते. बाजारात आली १९६३ साली, आणि सफरचंद-मध हीच तिची ओळख. १९७३ पासून बरीच वर्षं गायक साइजो हिदेकी तिच्या जाहिरातीत असत, तेव्हा चेहऱ्यावरूनही काळ लागेल. आपल्या आमटीशी तिचं नातं लांबचं. ती चॉकलेटच्या वड्यांसारखी घट्ट येते. भाज्या शिजल्यावर गॅस बंद करून वड्या सोडायच्या, विरघळल्या की पुन्हा मंद आच. उकळत्यात टाकल्या तर त्यातल्या पिठाच्या गुठळ्या होतात, आपल्या पिठल्यासारख्या.

प्रश्न : हॉलिवूडचे नट जपानी जाहिरातींत कसे? (एक वाचक, मालवण)

पैसे चांगले आणि त्या जाहिराती जपानबाहेर फारशा दिसत नसत, म्हणून घरच्या प्रतिमेला धक्का नाही. १९७० साली चार्ल्स ब्रॉन्सन ‘मँडम’ या पुरुषी प्रसाधनांच्या जाहिरातीत आला. माल इतका खपला की टांचो नावाच्या त्या कंपनीने १९७१ साली आपलंच नाव मँडम करून टाकलं.

प्रश्न : पावसाळ्यात व्हीसीआर ‘डीईडब्ल्यू’ असं दाखवतो आणि कॅसेट घेत नाही. (एक वाचक, देवगड)

बिघाड नाही. ड्रमवर (फीत ज्याला घासून फिरते त्या गोल भागावर) दव, इंग्रजीत ‘ड्यू’, धरलंय, आणि ओल्या ड्रमला फीत चिकटून फाटू नये म्हणून मशीन अडवतंय. कॅसेट न घालता दोन तास चालू ठेवा, आतल्या उबेने वाळेल. सूचना गेली तरी आणखी अर्धा तास थांबा. कॅसेटी मात्र माळ्यावर कौलांखाली ठेवू नका. पुस्तकासारख्या उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सिलिका जेलचे रंगीत दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करून घ्या. तो तवा नंतर भाकरीला वापरू नका.