अप्रकाशित कादंबरी वाचून सगळे फक्त ‘छान आहे’ म्हणतात. उपयोगी अभिप्राय कसा मिळवायचा?

तुम्ही लिहिलंय की पहिली कादंबरी आहे, सत्तर हजार शब्दांची, आणि आठ जणांना पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. चौघं ‘छान जमलंय’ म्हणाले, एकाने पहिल्या दहा पानांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पाठवले, तिघांनी अजून उघडलीच नाही. यात वाचकांची चूक फारशी नाही. ‘वाचून सांग कशी वाटते’ असं विचारलं की ओळखीचा माणूस दुसरं काय म्हणणार? त्याचं मत मागू नका. वाचताना कुठे काय झालं, याची नोंद मागा.

आधी शुद्धलेखनाचं बघू, कारण मराठीत हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे. खर्ड्यात वेलांटी-उकार चुकलेले दिसले की आपल्यातला शाळामास्तर जागा होतो आणि गोष्ट बाजूला राहते. म्हणून देण्यापूर्वी स्वतः एकदा ढोबळ तपासणी करा आणि पहिल्याच पानावर ठळक लिहा: ‘मुद्रितशोधन नंतर होणार आहे, कृपया शुद्धलेखन तपासू नये.’ पहिला खर्डा कुणालाच देऊ नका. निदान तीन आठवडे बाजूला ठेवून एकदा स्वतः दुरुस्त केलेला, म्हणजे दुसरा किंवा तिसरा खर्डा द्या. जे तुम्हाला आधीच खटकतंय तेच दुसऱ्याकडून ऐकण्यात एक वाचक वाया जातो, आणि माणूस कोऱ्या नजरेने एकदाच वाचू शकतो.

याच कारणासाठी आठ जणांना एकदम देऊ नये. आधी तिघं किंवा चौघं, दुरुस्तीनंतर दुसऱ्या फेरीत वेगळे तिघं. घरचे आणि सख्खे मित्र यांत धरू नका. त्यांना प्रत्येक पात्रात तुमचा काका दिसतो. ज्या प्रकारचं तुम्ही लिहिलंय त्या प्रकारचं नियमित वाचणारे शोधा. रहस्यकथा कधीच न वाचणाऱ्याला रहस्यकथा दिली तर ‘खून इतक्या लवकर कशाला?’ असली प्रतिक्रिया येते. संवाद मालवणीत किंवा अहिराणीत असतील तर दोन माणसं मुद्दाम निवडा. एक ती बोली घरात बोलणारा, तो खोटा शब्द पकडतो. दुसरा त्या भागाशी संबंध नसलेला, तो कुठे अडला ते सांगतो. ही दोन कामं एकाच वाचकाकडून होत नाहीत.

आता प्रत कशी द्यायची. टंकन श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर वर्ड फाइल समोरच्याकडे निरर्थक अक्षरं होऊन उघडते. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरं नजरेखालून घाला, तिथे हमखास गडबड होते. मोबाइलवर वाचणाऱ्यासाठी ए-फाइव्ह आकाराचं पान आणि मोठा टाइप ठेवून पीडीएफ करा. ए-फोर पान बोटांनी मोठं करत करत २५० पानं कुणी वाचत नाही, तुमच्या त्या तिघांनी फाइल न उघडण्याचं एक कारण हेही असू शकेल. पन्नाशीपुढच्या वाचकाला सरळ कागदावर द्या: एका बाजूला छपाई, दीडपट ओळअंतर, उजवीकडे दोन इंच समास, स्पायरल बाइंडिंग आणि आत एक पेन्सिल. गूगल डॉक वापरणार असाल तर प्रत्येकाला वेगळी प्रत द्या. एकाच फाइलवर सगळे लिहू लागले की पहिल्याने ‘इथे रेंगाळलं’ लिहिलं की दुसऱ्यालाही तिथे रेंगाळल्यासारखं वाटतं. पानांचे क्रमांक मात्र सगळ्या प्रतींत सारखे राहतील असं बघा, नाहीतर पुढे मेळ घालताना डोकं फिरतं.

सगळी कादंबरी एकदम पाठवू नका. पहिली तीस पानं द्या आणि म्हणा, ‘पुढचं वाचावंसं वाटलं तर मागा.’ दहा दिवसांत कुणी मागितलं नाही तर तगादा लावू नका, तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे. जो मागेल त्याला उरलेलं द्या आणि चार आठवड्यांनंतरची तारीख ठरवा. गणपती, दिवाळी आणि मुलांच्या परीक्षा टाळून.

वाचताना त्याने फक्त चार खुणा करायच्या. कंटाळा आला तिथे ‘कं’, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, पटलं नाही तिथे फुली, आवडलं तिथे बरोबरची खूण. वाचन थांबवलं त्या ओळीखाली रेघ आणि तारीख. एवढंच. कारण लिहायला सांगितलं की लोक समीक्षा लिहू लागतात. त्या रेघा फार बोलक्या असतात. तिघांनीही प्रकरण सातच्या मध्यावर पुस्तक खाली ठेवलं असेल, तर तोंडाने ते काहीही म्हणोत.

प्रश्न वाचून झाल्यावरच विचारा. आधी दिले तर माणूस उत्तरं शोधत वाचतो. मी हे विचारेन: गोष्ट तुमच्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत सांगा. कुठलं पान मागे उलटून पाहावं लागलं? कोणत्या दोन पात्रांची गल्लत झाली? शेवट कधी लक्षात आला? एक प्रकरण काढायचंच असेल तर कुठलं काढाल? पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. सांगताना जे उपकथानक आपोआप गळून पडतं, ते तुमच्या मनात ठसठशीत असलं तरी कागदावर उतरलेलं नाही.

लेखी उत्तरांचा आग्रह नको. चार ओळी लिहायला कंटाळणारा माणूस फोनवर पाऊण तास बोलतो. परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. तुम्ही गप्प राहायचं. ‘अहो, त्याचं कारण असं की…’ असं तोंडातून निघालं, तर ते वाक्य लगेच वहीत लिहा. बहुतेक वेळा पुस्तकात राहून गेलेला मजकूर तोच असतो.

सगळं आलं की एक तक्ता करा: पान, वाचक, खूण, म्हणणं. मग आठवडाभर काहीही बदलू नका. वाचक जागा बरोबर दाखवतो, उपाय मात्र सहसा चुकीचा सुचवतो. समजा, पान १४२ वर वहिनी घर सोडते. एक म्हणतो ‘ती असं वागणार नाही’, दुसरा ‘नाटकी झालं’, तिसऱ्याची नुसती फुली. सुचवलेला उपाय: तिला एक लांब संवाद द्या. तो दिलात तर प्रसंग आणखी नाटकी होईल. दोष बहुधा ९० ते १०० पानांच्या दरम्यान असतो, जिथे तिची तयारी दिसायला हवी होती. तिथे डाळीच्या डब्यातले पैसे मोजून ती पुन्हा तसेच झाकून ठेवते, अशा चार ओळी आल्या की १४२ ला हात लावायची गरज उरत नाही.

चारांपैकी तिघांनी एकाच जागी खूण केली तर ते प्रकरण उघडाच. दोघांना आवडलं, दोघांना नाही, अशा जागी तुमची मर्जी. माहितीची चूक मात्र एकानेच दाखवली तरी मान्य करा. जूनमध्ये हुरडा खाणारी माणसं शेतकरी वाचकाला पुढचं पान उलटू देत नाहीत.

चोरीची भीती तुम्ही विचारली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं की हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. अप्रकाशित लेखनाचीही नोंदणी करता येते. ईमेलने पाठवलेल्या तारखेच्या प्रती जपून ठेवा. खरा धोका वेगळाच आहे: अभिप्रायासाठी सगळी कादंबरी ‘प्रतिलिपी’सारख्या, कुणालाही वाचता येईल अशा ऑनलाइन ठिकाणी टाकली, तर स्पर्धांची आणि दिवाळी अंकांची ‘अप्रकाशित’ ही अट मोडू शकते.

वाचकाला पैसे देऊ नका, दिले की तो संपादक होतो आणि दुरुस्त्या सुचवणं त्याला भाग पडतं. त्यापेक्षा त्याचं काही लिहिलेलं असेल तर वाचून द्या. पुस्तक निघालं की प्रत पाठवा आणि ऋणनिर्देशात नाव घालण्यापूर्वी त्याला विचारा, काहींना ते नको असतं.